प्रवेशाच्या खिडकीवर बसणाऱ्यांना शिकवायचं काय आणि कधी? (ठाणे–नवी मुंबई)

पारसिक_बोगदा (धागाकर्ता)

पदवी महाविद्यालयांत प्रवेश आणि नोंदणी सांभाळणाऱ्या लिपिकांचं प्रशिक्षण म्हणजे बहुतेक ठिकाणी एका दिवसाचं व्याख्यान. विषय 'संवादकौशल्य' किंवा 'ताणतणाव व्यवस्थापन', पाहुणे बाहेरचे, शेवटी प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी संस्था) ६.३.३ या निकषात दाखवायला आकडा मिळतो आणि फाइल बंद होते. जूनमध्ये खिडकीवर पुन्हा त्याच चुका.

माझं म्हणणं असं की अभ्यासक्रम आधी ठरवूच नये. गेल्या वर्षी कुठून काय परत आलं ते आधी टेबलावर काढा. विद्यापीठाने त्रुटी लावून परत केलेली पात्रता प्रकरणं, राखीव राहिलेले निकाल, महाडीबीटीवर (राज्याचं शिष्यवृत्ती पोर्टल) मागे आलेले अर्ज, फी परताव्याच्या तक्रारी, नावदुरुस्तीचे अर्ज. एका शीटमध्ये चार रकाने पुरतात: काय अडकलं, कोणत्या महिन्यात कळलं, मूळ नोंद कोणत्या टप्प्यावर झाली, आणि तेव्हा काय बघायला हवं होतं. दुसरा आणि तिसरा रकाना शेजारी ठेवले की दिसतं, फेब्रुवारीत कळलेली अडचण जूनमध्ये दोन मिनिटांत पेरलेली असते. ज्याने पेरली त्याला बहुधा पत्ताच नसतो, कारण निस्तरणारं टेबल वेगळं.

या शीटवरून दोन-दोन तासांची पाच सत्रं होतात: नावं, दाखले, पोर्टल आणि एक्सेल, विषय आणि क्रेडिट, फी आणि परतावा. एका तुकडीत दहा-बारा जण, दोघांत एक संगणक. प्रत्येक सत्रात पाऊण तास बोलणं, बाकी वेळ नाव-नंबर झाकलेल्या खऱ्या प्रकरणांवर हात चालवणं. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ इथल्या कॉलेजांनी आळीपाळीने यजमान व्हायचं. ट्रान्स हार्बर रेल्वेवरची कॉलेजं एकमेकांना जवळ आहेत, दर वेळी कालिन्याला विद्यापीठात जायची गरज नाही.

जाणकारांनी भर घालावी. एकेका सत्रात नेमकं काय हवं ते लिहा.

टेबल_नंबर_चार

कधी घेणार, ते आधी सांगा. बारावीचा निकाल २०२४ ला २१ मे रोजी लागला, २०२५ ला ५ मे रोजी. एप्रिलमध्ये ऑफिस परीक्षांत बुडालेलं असतं. मे महिना सुट्ट्यांचा. तुमचं शिबिर 'पुढच्या वर्षी नक्की' या सदरात जाईल.

पारसिक_बोगदा

म्हणून दोन भाग. नावं, दाखले, एक्सेल हे दरवर्षी फारसं बदलत नाही, ते जानेवारीत उरकायचं. पोर्टल, फी आणि वेळापत्रक यांवर त्या वर्षीचं परिपत्रक आलं की एकच सत्र, प्रवेश सुरू होण्याच्या आधीच्या आठवड्यात. पोर्टलचं सत्र जानेवारीत घेऊन उपयोग नाही, जूनपर्यंत पडदे बदललेले असतात.

खाडीपलीकडे

नावांच्या सत्राबद्दल. हे सगळ्यांना सोपं वाटतं आणि सगळ्यात जास्त प्रकरणं इथेच अडकतात.

मुळात एकाच विद्यार्थ्याचं नाव तीन क्रमांनी येतं. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आईचं नाव वेगळ्या ओळीत. आधारवर स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. सीबीएसईवाल्यांकडे बऱ्याचदा वडिलांचं नाव मध्ये नसतंच. लिपिकाने ठरवायचं एकच: प्रमाण कागद कोणता? बारावीची गुणपत्रिका. प्रवेश अर्जातलं नाव तिच्याशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. आधार वेगळं असेल तर विद्यार्थ्याला त्याच दिवशी आधार दुरुस्तीला पाठवायचं, अर्जातलं नाव आधारप्रमाणे 'सुधारायचं' नाही. कारण अपार किंवा एबीसी आयडी (विद्यार्थ्याच्या क्रेडिट खात्याचा क्रमांक) डिजिलॉकरमधून तयार होतो आणि तिथलं नाव, जन्मतारीख, लिंग हे आधारवरून येतं. कॉलेजची नोंद आणि आधार यांत तफावत राहिली की क्रेडिट खात्यावर चढताना अडतात, आणि ते कळतं निकालानंतर.

नवी मुंबईत आणखी एक प्रकार हमखास येतो: दक्षिणेकडच्या मुलांची नावं. आडनाव नसतं, आद्याक्षर असतं, आणि फॉर्म आडनावाशिवाय पुढे सरकत नाही. मग कोणी वडिलांचं नाव आडनावात टाकतो, कोणी टिंब, कोणी जातीचं नाव. एकाच कॉलेजात तीन खिडक्यांवर तीन पद्धती. यावर शहाणपणाचा नियम म्हणजे लिपिकाने स्वतः काही ठरवायचं नाही. विद्यापीठाच्या संबंधित विभागाला एकदा ईमेल करून लेखी उत्तर घ्यायचं आणि ते तिन्ही खिडक्यांवर चिकटवायचं. आद्याक्षराचं पूर्ण रूप दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे का ते आधी बघायचं.

देवनागरी नाव विद्यार्थ्यालाच लिहायला लावा. पदवी प्रमाणपत्रावर ते येतं. आशिष की आशीष, सुमित की सुमीत, हे इंग्रजी स्पेलिंगवरून लिपिकाने ओळखायचं नसतं. फॉर्मवर विद्यार्थ्याच्या हाताने देवनागरी नाव आणि शेजारी सही, एवढं असलं की तीन वर्षांनी वाद होत नाही.

आणि श्रीलिपी किंवा सुरेख या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली नावं पोर्टलमध्ये चिकटवू नका. ते युनिकोड नाही, पलीकडे नुसती चिन्हं उमटतात.

कोपरी_ब्रिज

टिंबवाली पद्धत प्रत्यक्ष चालते हो, काही होत नाही.

खाडीपलीकडे

पोर्टल घेतं, म्हणून चालते असं वाटतं. तेच नाव डिजिलॉकरशी जुळवताना टिंब कुठून आणणार?

सेतू_काउंटर

दाखल्यांच्या सत्रात मी पाच गोष्टींवर भर देईन, पण एकसारखा नाही. पहिल्या दोनच खऱ्या महत्त्वाच्या.

एक, दाखला दिल्याची तारीख आणि 'पर्यंत वैध' ही तारीख. खिडकीवर पहिली वाचली जाते. नॉन क्रिमीलेयर आणि उत्पन्नाचा दाखला यांची मुदत साधारण ३१ मार्चला संपते. जूनमध्ये पुढे केलेला दाखला फेब्रुवारीत काढलेला, म्हणजे 'ताजा', म्हणून घेतला जातो आणि त्याची मुदत मार्चलाच संपलेली निघते. सरावाला दहा दाखल्यांच्या झेरॉक्स द्या, नावं झाका, आणि विचारा: या शैक्षणिक वर्षासाठी कोणते चालतील? पहिल्या फेरीत निम्मे लोक चुकले तरी चालेल, त्यासाठीच सराव.

दोन, दुसऱ्या राज्याचा दाखला. ऐरोली, घणसोली, मुंब्रा, कळवा पट्ट्यात उत्तर प्रदेश, बिहारचे ओबीसी दाखले येतात. राज्याच्या आरक्षणासाठी महाराष्ट्रातल्या सक्षम अधिकाऱ्याने दिलेलाच दाखला लागतो, आणि तो देताना मानीव दिनांकाचा वास्तव्याचा पुरावा बघितला जातो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विजा-भज (विमुक्त जाती, भटक्या जमाती) यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इमाव (इतर मागासवर्ग) आणि विमाप्र (विशेष मागास प्रवर्ग) यांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. लिपिकाने पुरावे तपासायचे नाहीत, ते प्रांताचं काम. पण पालकाला 'हा दाखला इथे का चालत नाही' हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे, नाहीतर खिडकीवर भांडण ठरलेलं. असा अर्ज खुल्या प्रवर्गातून भरायचा, नाकारायचा नाही.

केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी किंवा ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) दाखला आणि राज्याच्या नमुन्यातला, हे दोन वेगळे कागद. जात प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र वेगळे. वैधता जिल्हा पडताळणी समिती देते, अनुसूचित जमातींची समिती स्वतंत्र. आणि नॉन क्रिमीलेयर अनुसूचित जाती-जमातींकडे मागायचं नसतं, तरी दरवर्षी कुणीतरी मागतंच.

वाशी_सेक्टर

मंडळाच्या बाबतीत भर. अनोळखी बोर्डाची गुणपत्रिका आली की कॉब्सेची (शालेय मंडळांची परिषद) सदस्य यादी बघायची, एनआयओएस (राष्ट्रीय मुक्त शाळा) बघून दचकायचं नाही. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेबद्दल शंका असेल तर ऑनलाइन पडताळणीची सोय आहे, आणि मुंबई विभागीय मंडळ आपल्या वाशीतच आहे. क्यूआर कोड मोबाइलवर स्कॅन केला एवढ्यावर थांबू नका. स्कॅन केल्यावर उघडलेला पत्ता सरकारी संकेतस्थळाचा आहे का, आणि पडद्यावरचे गुण कागदाशी जुळतात का, हे दोन्ही बघायचं. बनावट कागदावरचा क्यूआर बनावट पानावर नेतो.

बाहेरच्या बोर्डाच्या विद्यार्थ्याला मायग्रेशन (स्थलांतर) प्रमाणपत्र लागतं, तेही मूळ. तोवर पात्रता तात्पुरती. तात्पुरत्या पात्रतेचं रजिस्टर वेगळं ठेवा आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी उरलेल्यांना फोन करायचं काम एकाच माणसाच्या नावावर लावा. 'सगळ्यांनी बघा' म्हटलं की कोणीच बघत नाही.

टेबल_नंबर_चार

मूळ कागद ठेवून घेण्याबद्दलही शिकवा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ च्या अधिसूचनेनुसार मूळ प्रमाणपत्रं प्रवेशावेळी तपासून लगेच परत करायची, अडकवून ठेवायची नाहीत. काही ऑफिसांत 'मुलगा दुसरीकडे जाऊ नये' म्हणून गुणपत्रिका कपाटात जाते.

पारसिक_बोगदा

बरोबर. परताव्याच्या सत्रात त्याच अधिसूचनेची टक्केवारी पाठ करून घ्यायची. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केला तर १०० टक्के, त्यातून प्रक्रिया शुल्क फार तर फीच्या ५ टक्के आणि कमाल ५,००० रुपये. १५ दिवसांपेक्षा कमी उरले असताना ९०. तारीख उलटल्यावर १५ दिवसांपर्यंत ८०, १६ ते ३० दिवसांत ५०, त्यापुढे काही नाही. अनामत रक्कम फीचा भाग नाही, ती पूर्ण परत. अर्ज आल्यापासून १५ दिवसांत पैसे.

सरावाचं गणित: शेवटची तारीख ३१ जुलै, फी १२,००० रुपये, अनामत ५००, रद्द करण्याचा अर्ज २० ऑगस्टला. वीस दिवस झाले, म्हणून ६,००० अधिक ५००. इथे चूक टक्केवारीत होत नाही, तारखेत होते. लोक कॉलेजने खिडकी बंद केली ती तारीख धरतात. धरायची ती अधिकृत जाहीर झालेली शेवटची तारीख, मुदतवाढ झाली असेल तर वाढलेली. शिवाय अर्ज आल्याची तारीख शिक्क्याने पडली पाहिजे. शिक्का नाही तर दिवस मोजणार कशावरून?

यूजीसी अधूनमधून एखाद्या वर्षापुरता वेगळा नियमही काढते. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १,००० रुपये कपात असं ठरवलं होतं. त्यामुळे त्या वर्षीचा कागद आणि विद्यापीठाचा स्वतःचा परताव्याचा नियम समोर ठेवूनच हिशेब.

एक्सेल_भाऊ

आता माझा आवडता विषय. पीआरएन, म्हणजे विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक, १६ आकडी असतो. एक्सेल संख्येचे १५ च अर्थपूर्ण आकडे जपतं. म्हणजे पीआरएनचा रकाना 'जनरल' ठेवून नंबर टाकला की सोळावा आकडा शून्य होतो. वर तो २.०२ई+१५ असा दिसतो, म्हणून लोक रकाना 'नंबर' करतात, मग पूर्ण दिसतो आणि सगळ्यांना हायसं वाटतं. शेवटचा आकडा गेला तो गेलाच, फॉरमॅट बदलून परत येत नाही. दहा विद्यार्थ्यांचे पीआरएन शेवटच्या आकड्यापुरतेच वेगळे असतील तर दहाही एक होतात.

उपाय: नवी शीट, रकाना निवडा, आधी 'टेक्स्ट' करा, मग चिकटवा. पोर्टलवरून आलेली सीएसव्ही फाइल दोन क्लिक करून उघडायचीच नाही. कोरी शीट उघडून डेटा मेन्यूतून ती आत आणायची आणि पीआरएन, मोबाइल, आसन क्रमांक हे रकाने आणतानाच टेक्स्ट ठरवायचे. तपासणीला शेजारच्या रकान्यात अक्षरं मोजणारं सूत्र लावा, १६ नसतील त्या ओळी लाल. पण लक्षात घ्या, शून्य झालेल्या नंबरचीही लांबी १६ च भरते. म्हणून शेवटचा आकडा शून्य असलेल्या ओळी वेगळ्या गाळून बघायच्या. खऱ्या यादीत त्या साधारण दहात एक असतात. सगळ्याच शून्यावर संपत असतील तर फाइल टाकून द्या.

जन्मतारीख ०५/०६/२००७ ही ५ जून की ६ मे, हे संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगवर ठरतं. ऑफिसातल्या सगळ्या मशीनवर ते एकच करून घ्या. १३ ते ३१ तारखांच्या नोंदी बरोबर आणि १ ते १२ च्या उलट्या झालेल्या दिसल्या तर कारण हेच.

आणि नावापुढची रिकामी जागा. दिसत नाही, पण दोन याद्या जुळवणारं व्हीलुकअप सूत्र जुळत नाही. जादा जागा काढणारं ट्रिम लावल्याशिवाय दोन याद्या जुळवायला बसू नका.

कोपरी_ब्रिज

पीआरएनचं हे नवीनच कळलं. उद्याच जुन्या फायली उघडून बघतो.

एक्सेल_भाऊ

उघडा, पण सेव्ह करू नका 🙂

खाडीपलीकडे

आरक्षणाच्या जागांचं गणितही हाताने करून घ्यावं, सॉफ्टवेअर करत असलं तरी. १२० जागांवर अजा १३ टक्के म्हणजे १५.६, अज ७ म्हणजे ८.४, विजा ३ म्हणजे ३.६, भज-ब २.५ म्हणजे ३, भज-क ३.५ म्हणजे ४.२, भज-ड २ म्हणजे २.४, इमाव १९ म्हणजे २२.८. पूर्णांक केले की १६, ८, ४, ३, ४, २, २३, बेरीज बरोबर ६०. आता तेच ६० जागांवर करा. भज-बला १.५ येतात. वर ओढले तर बेरीज ३०, खाली सोडले तर २९. हा अर्धा कुठे जातो ते नियमाच्या कागदावरून ठरवायचं, टेबलावरच्या माणसाच्या मनावरून नाही. त्याखेरीज विमाप्र २, २०२४ च्या कायद्याने एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) १०, ईडब्ल्यूएस १० आणि दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के. शेवटचं समांतर आरक्षण, म्हणजे त्याच जागांच्या आडवं जाणारं. नॅकच्या २.१.२ मध्ये राखीव जागा किती भरल्या तेच विचारतात. प्रवेशाच्या वेळी प्रवर्गनिहाय नोंद नीट असेल तर पाच वर्षांनी रात्र जागवून आकडे जमवावे लागत नाहीत.

क्रेडिट_मीटर

विषयनिवडीबद्दल. संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नव्या धोरणाची रचना आली आणि नोंदणी लिपिकाचं काम दुप्पट झालं. आधी 'एफवायबीए' एवढं लिहिलं की भागायचं. आता मेजर (मुख्य विषय), मायनर (उपविषय), ओई (खुला ऐच्छिक विषय), व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी एवढे विषयगटांचे डबे भरायचे आणि सत्राची क्रेडिट बेरीज जुळवायची. बेरीज जुळली म्हणजे निवड बरोबर, असं नाही. ओई दुसऱ्या विद्याशाखेतला हवा. मेजर अर्थशास्त्र असलेल्या मुलीला वेळापत्रकात बसतं म्हणून अर्थशास्त्राशीच जवळचा पेपर ओईत दिला तर बेरीज २२ येते आणि निवड तरीही चुकीची.

प्रशिक्षणात कोरे फॉर्म आणि खऱ्या वेळापत्रकाची प्रत द्या. आठ काल्पनिक विद्यार्थी, प्रत्येकाला विषयांची बास्केट भरून द्यायची. दोघांच्या बाबतीत तासांची टक्कर मुद्दाम ठेवा, एकीच्या बाबतीत ओईची तुकडी भरलेली. लिपिकाने 'सरांना विचारा' म्हणायच्या आधी दुसरा पर्याय काढून दाखवला पाहिजे.

एक्झिटचे, म्हणजे पदवी पूर्ण न करता मध्येच बाहेर पडण्याचे, नियमही माहीत हवेत, पालक विचारतात. पहिल्या वर्षानंतर ४० ते ४४ क्रेडिटवर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर ८० ते ८८ वर पदविका, त्यासाठी ४ जादा क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप. 'वर्ष झालं की सर्टिफिकेट आपोआप मिळतं' असं खिडकीवरून सांगितलं जातं, ते चूक.

सेतू_काउंटर

महाडीबीटीचं एकच सांगतो. कॉलेज लॉगिनला अर्ज 'सेंड बॅक' करणं आणि 'रिजेक्ट' करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सेंड बॅक केला की विद्यार्थी दुरुस्त करून पुन्हा पाठवतो. रिजेक्ट म्हणजे त्या अर्जापुरता विषय संपला. त्रुटी सुधारण्यासारखी असेल तर सेंड बॅक, आणि शेऱ्यात नेमकं काय हवं ते. 'कागदपत्र अपूर्ण' हा शेरा नाही. 'उत्पन्नाचा दाखला मागील वर्षाचा आहे, चालू वर्षाचा जोडा' हा शेरा.

पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, फॉर्मवर लिहिलेल्या नाही. पासबुकाची झेरॉक्स घेऊन समाधान मानू नका, आधार कोणत्या बँकेशी जोडलंय ते विद्यार्थ्याला बघून यायला सांगा.

टेबल_नंबर_चार

हे सगळं कायम कर्मचाऱ्यांना ठीक. स्वयंअर्थसहाय्यित विभागात जूनमध्ये तीन महिन्यांसाठी घेतलेली मुलं बसतात. त्यांना पाच सत्रं कोण देणार?

वाशी_सेक्टर

त्यांना एकच दिवस, पण काम अर्धंच द्यायचं. हंगामी माणसाने कागद घ्यायचे, यादीवर खुणा करायच्या आणि त्रुटी पावती द्यायची. 'प्रवर्ग मान्य', 'पात्रता ठीक', 'फी सवलत लागू' हे शेरे कायम कर्मचाऱ्याचेच. त्रुटी पावती दोन प्रतींत: काय कमी आहे, कुठे मिळेल, कोणत्या तारखेपर्यंत, आणि घेणाऱ्याची सही. तोंडी 'उद्या या' बंद. पालकांचा अर्धा राग त्या 'उद्या'वर असतो, उरलेला दुसऱ्या खिडकीने वेगळं सांगण्यावर. संवादकौशल्याचं व्याख्यान ठेवण्यापेक्षा ही पावती छापा.

क्रेडिट_मीटर

पण हंगामी मुलांना पोर्टलचं लॉगिन द्यायचं का? बहुतेक ठिकाणी एकच पासवर्ड, मॉनिटरला चिकटवलेला.

एक्सेल_भाऊ

प्रत्येकाचं वेगळं, पोर्टल देत असेल तर. देत नसेल तर कोण कधी बसलं याची वही ठेवा. पासवर्ड हंगाम संपला त्याच दिवशी बदला. ओटीपी प्राचार्यांच्या खासगी मोबाइलवर जाऊ देऊ नका, ते मीटिंगला गेले की रांग थांबते. कॉलेजच्या नावाचं एक सिम ऑफिसात ठेवा.

आणि व्हॉट्सॲपवर आधारचे फोटो मागवणं बंद करा. आधार लागलंच तर शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार. बारावी झालेली बरीच मुलं १७ वर्षांची असतात आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ खालच्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. फॉर्मवर तेवढी एक ओळ आणि पालकांची सही असू द्या.

कोपरी_ब्रिज

प्रमाणपत्राचं काय? लोक त्यासाठीच येतात, खोटं कशाला बोला.

पारसिक_बोगदा

द्या की, पण चाचणीनंतर. एका तासाची, पुस्तकं आणि परिपत्रकं उघडी ठेवून. पाच प्रकरणांच्या फायली, प्रत्येकीत एक दडलेली चूक: मुदत संपलेला दाखला, शून्यावर संपणारा पीआरएन, उलटी जन्मतारीख, चुकीच्या शाखेतला ओई, आणि परताव्याची चुकीची शेवटची तारीख. पाचपैकी चार सापडल्या तर प्रमाणपत्र. ज्याला दाखल्यातली चूक सापडली नाही त्याला त्या वर्षी दाखल्यांच्या खिडकीवर बसवायचं नाही, फीच्या खिडकीवर बसवायचं.

नमुना फायली बनवायला कोण कोण मदत करतंय? दाखल्यांच्या सेतू_काउंटर यांनी घ्याव्यात, एक्सेलच्या अर्थातच भाऊंनी. बाकीच्यांनी इथेच लिहा.

सेतू_काउंटर

घेतो. दहा झाकलेल्या झेरॉक्स तयार करतो. फक्त झाकायला मार्कर वापरू नका कोणी, उजेडात धरलं की खालचं वाचता येतं. कागद चिकटवून पुन्हा झेरॉक्स काढायची.